जुनं विंडोज, जुनं सॉफ्टवेअर आणि आपलं रेकॉर्ड : बंद न पाडता सुरक्षित कसं चालवायचं?

भिवंडी, मालेगाव, नांदेड किंवा मुंबईतला मोहम्मद अली रोड, कुठल्याही जुन्या छपाईच्या दुकानात डोकावून पाहा. पुढच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर असतो, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि जीएसटीचं काम चालतं. मागच्या कोपऱ्यात मात्र एक पांढुरका, पिवळा पडलेला डबा असतो. त्यावर विंडोज एक्सपी, आणि एक्सपीवर उर्दूचं इनपेज, मराठीचं श्रीलिपी, सोबतीला पेजमेकर. लग्नपत्रिका, मदरशाची पावतीपुस्तकं, मुशायऱ्याची निमंत्रणं, जमातीचे वार्षिक अहवाल ही सगळी कामं वर्षानुवर्षं त्याच डब्यातून निघालेली असतात.

हे दृश्य फक्त छापखान्यातलं नाही. ट्रस्टच्या ऑफिसात जुन्या टॅलीवर हिशेब आहे, एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात डिझाइनचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं, एखाद्या दवाखान्यात तपासणीचं मशीन ज्या कॉम्प्युटरला जोडलंय तो बदलताच येत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?"

हे उत्तर अर्धं बरोबर आहे. काम देणारी वस्तू उगाच फेकू नये, हे खरं. पण त्या डब्यातली हार्ड डिस्क एका सकाळी टकटक आवाज करून बंद पडली, तर तीस वर्षांच्या फाइल्स, कुणाच्या मरहूम वडिलांचा अप्रकाशित दीवान, संस्थेच्या सभासदांची यादी हे सगळं सोबत जाऊ शकतं. म्हणून या लेखात आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. जुनी सिस्टीम का सुटत नाही, तिच्यात धोका नेमका कुठे आहे, आणि ती चालू ठेवायचीच असेल तर कशी ठेवावी.

जुनं म्हणजे किती जुनं?

ऑपरेटिंग सिस्टीम बनवणारी कंपनी काही वर्षं तिच्यातली भोकं बुजवत राहते. यालाच सपोर्ट म्हणतात. सपोर्ट संपला म्हणजे सिस्टीम बंद पडत नाही, पण त्यानंतर सापडलेली भोकं सहसा उघडीच राहतात. मायक्रोसॉफ्टच्या सिस्टीमचा हिशेब असा :

- विंडोज ९८ : सपोर्ट ११ जुलै २००६ रोजी संपला.
- विंडोज एक्सपी : २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलं, सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला.
- विंडोज ७ : २००९ मध्ये आलं, सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला.
- विंडोज १० : २०१५ मध्ये आलं, नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट घेण्याची सोय दिलेली आहे.

म्हणजे हा प्रश्न फक्त कोपऱ्यातल्या एक्सपीचा राहिलेला नाही. मुलांच्या अभ्यासासाठी घरात घेतलेला सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही आता याच रांगेत आला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगले चालणारे अनेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत.

सॉफ्टवेअर जुन्यालाच का चिकटून बसतं?

पहिलं कारण लिपी. उर्दूची नस्तालीक लिपी कॉम्प्युटरला फार अवघड गेली. अक्षर शब्दात कुठे आलं त्याप्रमाणे त्याचा आकार बदलतो आणि प्रत्येक शब्द उजवीकडून डावीकडे तिरका उतरत जातो. टाइपचे खिळे जुळवून हे साधत नव्हतं. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कित्येक दशकं कातिबांच्या हातानं लिहिली जात आणि मग छापली जात. खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती हातानं लिहिल्या, मोनोटाइप कंपनीच्या यंत्रणेत त्या बसवल्या गेल्या आणि १९८१ मध्ये नूरी नस्तालीक तयार झालं. लाहोरच्या 'जंग' दैनिकानं ते वापरलं. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीनं इनपेज आणलं आणि नस्तालीक साध्या पीसीवर आलं. कातिबांची एक पिढी कीबोर्डवर बसली ती या सॉफ्टवेअरमुळे.

पण जुन्या इनपेजची फाइल युनिकोडमध्ये नसते. तिची स्वतःची सांकेतिक पद्धत आहे. ती फाइल वर्डमध्ये किंवा मोबाइलवर उघडत नाही. मराठीतही तीच गत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम किंवा आकृती यांच्या जुन्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फाँट नसेल तर फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर आत असतो, वाचता येत नाही.

दुसरं कारण प्रोग्रॅमची घडण. १९९० च्या दशकातले बरेच प्रोग्रॅम १६ बिटचे होते. ६४ बिटचं कुठलंही विंडोज १६ बिटचा प्रोग्रॅम चालवत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. गंमत अशी की काही प्रोग्रॅम स्वतः ३२ बिटचे असतात, पण त्यांचा सेटअप १६ बिटचा असतो. म्हणून सीडी टाकली की सुरुवातीलाच नकार येतो आणि माणूस समजतो, सॉफ्टवेअरच निकामी झालं.

तिसरं कारण डाँगल, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं लॉक. जुनी डाँगल प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टला लागायची. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. यूएसबी डाँगल असली तरी नव्या विंडोजसाठी तिचा ड्रायव्हर मिळेलच असं नाही.

चौथं कारण मशीन. एम्ब्रॉयडरी मशीन, जुना स्कॅनर, कटिंग प्लॉटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ही यंत्रं अजून ठणठणीत असतात. पण ज्या कार्डावर आणि ड्रायव्हरवर ती चालतात, ते जुन्या विंडोजपुरतेच बनलेले असतात. लाखोंचं यंत्र सॉफ्टवेअरपायी भंगारात घालायला कुणीही तयार होत नाही, आणि व्हायलाही नको.

धोका कुठे आहे?

"आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" असं अनेकजण म्हणतात. आजचे हल्ले कुणाचं नाव बघून येत नाहीत. उघडं भोक दिसलं की प्रोग्रॅम आपोआप आत शिरतो.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे एसएमबी १ मध्ये, जे भोक होतं त्यातून तो शिरला. फाइल्सना कुलूप लावून तो पैसे मागत असे. ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांना रुग्णांच्या अपॉइंटमेंट आणि ऑपरेशन पुढे ढकलावी लागली. सपोर्ट संपून तीन वर्षं झालेली असतानाही मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी खास दुरुस्ती काढावी लागली, इतका हा प्रकार गंभीर होता. त्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या' आला आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं.

एटीएमचंही उदाहरण घ्या. देशातली अनेक एटीएम एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेनं जून २०१८ मध्ये बँकांना परिपत्रक काढून सांगितलं की जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्यानं सगळी मशीन सपोर्ट असलेल्या सिस्टीमवर न्या.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, जुन्या सिस्टीमचा खरा शत्रू नेटवर्क आहे. इंटरनेट आणि दुकानातली वायर काढली की बहुतेक रस्ते बंद होतात. दोन, दुसरा रस्ता पेन ड्राइव्हचा. ग्राहक डिझाइन घेऊन येतो, आपण ड्राइव्ह खोचतो आणि त्यातून व्हायरस घरात येतो.

आधी पाहणी, मग उपाय

कशालाही हात लावण्याआधी एका वहीत या गोष्टी लिहून काढा. टाइप करून त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवू नका, कागदावर लिहा.

१. कोणकोणतं सॉफ्टवेअर खरोखर रोज लागतं आणि त्याची आवृत्ती कोणती.
२. मूळ सीडी, सीरियल नंबर आणि डाँगल कुठे आहेत. डब्यावर चिकटवलेल्या विंडोजच्या स्टिकरवरचा नंबर पुसट होत असेल तर आत्ताच मोबाइलनं फोटो काढा.
३. फाइल्स कोणत्या फोल्डरमध्ये आहेत. टॅलीचा डेटा फोल्डर, इनपेजच्या फाइल्स, पेजमेकरच्या फाइल्स आणि त्यांना जोडलेली चित्रं.
४. कोणते फाँट वापरले आहेत. विंडोजचा फाँट फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा. जुन्या फाइलची किल्ली फाँटमध्येच असते.
५. कोणतं यंत्र कोणत्या पोर्टला जोडलं आहे आणि त्याचा ड्रायव्हर कुठल्या सीडीत आहे.

एवढं झालं की लगेच एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. बाकीचे सगळे उपाय या कॉपीनंतर.

चालू ठेवण्याचे पाच मार्ग

सोप्यापासून अवघडाकडे जाऊ. पहिला जमला तर दुसऱ्याकडे जायचं कारण नाही.

*पहिला : नव्या विंडोजवरच चालवून पाहा.* प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, कम्पॅटिबिलिटी टॅबवर एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवडा आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' ही खूण करा. ३२ बिटचे बरेच प्रोग्रॅम एवढ्यावर सुरू होतात. मात्र सुरू झाला म्हणजे झालं असं नाही. एक जुनी फाइल उघडा, बदल करा, सेव्ह करा, प्रिंट काढा आणि जुन्या प्रिंटशी ताडून बघा. नस्तालीकमध्ये नुक्ते आणि मराठीत रफार जागेवर आहेत ना, हे डोळ्यांनी तपासा.

*दुसरा : ३२ बिटचं विंडोज.* प्रोग्रॅम किंवा त्याचा सेटअप १६ बिटचा असेल तर ३२ बिटचं विंडोज ७ किंवा विंडोज १० तो चालवू शकतं. सपोर्ट संपलेला असल्यानं अशा मशीनलाही इंटरनेटपासून दूर ठेवावं लागेल.

*तिसरा : व्हर्च्युअल मशीन.* नव्या कॉम्प्युटरच्या आत एका खिडकीत पूर्ण जुना कॉम्प्युटर चालतो. आमच्या मते बहुतेक दुकानांसाठी आणि संस्थांसाठी हाच उत्तम मार्ग आहे. याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

*चौथा : डॉसबॉक्स आणि वाइन.* काळ्या पडद्यावरचे डॉसचे प्रोग्रॅम, म्हणजे जुने बिलिंग किंवा पगारपत्रक, डॉसबॉक्समध्ये चालू शकतात. मात्र तो मुळात खेळांसाठी बनवला आहे, त्यामुळे हिशेबाचं काम असेल तर प्रिंटिंग आणि डेटा सेव्ह होणं नीट तपासूनच वापरा. लिनक्स वापरणाऱ्यांना वाइन हा पर्याय आहे. तो विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतो, त्यात काही १६ बिटचेही चालतात. दोन्ही मोफत आहेत. डाँगल मात्र इथे सहसा अडवते.

*पाचवा : जुना डबाच जपा.* पॅरलल पोर्टची डाँगल किंवा विशिष्ट कार्डावर चालणारं यंत्र असेल तर दुसरा इलाज नसतो. मग त्या डब्याला दुकानातल्या इतर यंत्रांसारखंच यंत्र समजायचं. त्यानं एकच काम करायचं, दुसरं काही नाही.

व्हर्च्युअल मशीन : पायरीपायरीनं

व्हर्च्युअलबॉक्स हा ओरॅकलचा प्रोग्रॅम मोफत मिळतो आणि त्यात एक्सपी चालतं. काम असं करा :

१. नव्या कॉम्प्युटरच्या बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय सुरू आहे का ते बघा. बंद असेल तर सुरू करा.

२. नवं मशीन बनवताना 'विंडोज एक्सपी, ३२ बिट' निवडा. ५१२ एमबी ते १ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क पुष्कळ झाली. एक्सपीला यापेक्षा जास्त खाऊ घालून फायदा नाही.

३. डिस्क आयडीई कंट्रोलरला जोडा. एक्सपीच्या मूळ सीडीत साटा डिस्कचा ड्रायव्हर नसतो. साटाला जोडली तर सेटअप निळा पडदा दाखवून थांबतो. कित्येकांचा उत्साह इथेच संपतो.

४. नेटवर्क अ‍ॅडॅप्टर 'जोडलेला नाही' असा ठेवा. हे विसरू नका. जुन्या सिस्टीमला काम करायला इंटरनेट लागत नाही.

५. एक्सपी, मग सॉफ्टवेअर, मग फाँट असं बसवा. यूएसबी डाँगल असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी मेनूतून ती आतल्या मशीनला द्या.

६. सगळं नीट चाललं की 'स्नॅपशॉट' घ्या. पुढे काही बिघडलं तर एका क्लिकवर या क्षणाला परत येता येतं. जुन्या डब्यात ही चैन कधीच नव्हती.

सॉफ्टवेअरची सीडी हरवली असेल तर? तेव्हा चालू डब्याचीच नक्कल काढता येते. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं डिस्क टू व्हीएचडी हे छोटं साधन जुन्या पीसीची पूर्ण डिस्क एका फाइलमध्ये उतरवतं आणि ती फाइल व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडता येते. मात्र हार्डवेअर बदललं असं समजून एक्सपी पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकतं. म्हणून स्टिकरवरचा नंबर जपायला सांगितलं.

प्रिंटिंगचा त्रास टाळायचा सोपा मार्ग म्हणजे आतल्या मशीनमधून पीडीएफ बनवा, ती बाहेर आणा आणि नव्या प्रिंटरवर छापा. पीडीएफमध्ये फाँट 'एम्बेड' केले असतील तर मांडणी हलत नाही. प्लेट बनवणाऱ्याकडेही आता पीडीएफच मागतात.

जुना डबा जपायचा असेल तर

*हार्ड डिस्क.* सगळ्यात आधी हीच जाते. क्लोनझिला या मोफत साधनानं तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. नक्कल कपाटात ठेवण्याआधी ती जोडून सिस्टीम सुरू होते का हे पाहा. न तपासलेल्या नकलेवर भरवसा ठेवू नये.

*छोटा सेल.* मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की घड्याळ मागे जातं, बायॉसची सेटिंग पुसली जाते आणि काही सॉफ्टवेअर तारीख चुकीची पाहून लायसन्स नाकारतात. लोक सॉफ्टवेअरवाल्याला शोधत फिरतात, आणि दुरुस्ती एका साध्या सेलची असते. टॅलीतल्या नोंदीही चुकीच्या तारखेला पडतात, ते वेगळंच.

*धूळ आणि उष्णता.* कॉटनची धूळ, कागदाचा भुगा पंख्यात अडकतो. सहा महिन्यांनी डबा उघडून हवेनं साफ करा. प्रोसेसरवरची पेस्ट सुकली असेल तर बदला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले किंवा गळलेले दिसले तर तो बोर्ड शेवटच्या घटका मोजतोय असं समजा.

*वीज.* लोडशेडिंग असलेल्या गावात यूपीएसशिवाय जुना पीसी चालवणं म्हणजे डिस्कवर रोज हातोडा मारणं.

*सुटे भाग.* तशाच मॉडेलचा एखादा डबा भंगारात जात असेल तर घेऊन ठेवा. जुनी रॅम, पॉवर सप्लाय, आयडीई केबल यांची गरज कधी पडेल सांगता येत नाही. फ्लॉपीवर चालणाऱ्या एम्ब्रॉयडरी मशीनसाठी फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह लावता येणारं 'फ्लॉपी एम्युलेटर' मिळतं. फ्लॉपी शोधत फिरण्यापेक्षा ते बरं.

जुन्या कॉम्प्युटरचे नियम

हे पाच नियम छापून त्या डब्यावर चिकटवा :

१. इंटरनेटची वायर किंवा वाय-फाय लावायचं नाही. एक्सपीवर क्रोमचे अपडेट २०१६ मध्येच थांबले. त्यावर बँक, आधार किंवा ईमेल उघडायचंच नाही.
२. दुकानातल्या नेटवर्कलाही जोडायचं नाही. त्यासाठी नव्या कॉम्प्युटरवर एसएमबी १ सुरू करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वॉनाक्राय याच दारातून आला होता.
३. ग्राहकाचा पेन ड्राइव्ह थेट लावायचा नाही. आधी नव्या कॉम्प्युटरवर स्कॅन, मग दुकानाच्या स्वतःच्या ड्राइव्हवर कॉपी, मग जुन्यात.
४. ऑटोरन बंद ठेवायचं, म्हणजे ड्राइव्ह लावताच आपोआप काही सुरू होणार नाही.
५. सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती, रुग्णांची माहिती या डब्यात ठेवायची नाही. दुसऱ्याची माहिती ही आपल्याकडची अमानत आहे.

तरीही फसवणूक झालीच आणि पैसे गेले तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. उशीर होईल तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता कमी होते.

खरं काम : मजकूर बाहेर काढणं

वरचे सगळे उपाय वेळ मिळवून देतात. त्या वेळात करायचं काम म्हणजे आपला मजकूर जुन्या साच्यातून सोडवणं.

*उर्दू.* इनपेजच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये युनिकोडची सोय आली. जुनी फाइल त्यात उघडून किंवा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये घेता येतो. एकदा युनिकोड झालं की तोच मजकूर वर्डमध्ये, मोबाइलवर, वेबसाइटवर जातो आणि शोधता येतो. रूपांतरानंतर दोन शब्दांमधली जागा, हम्जा आणि एराब नीट वाचून तपासा. अशआर असतील तर मिसरे तुटतात, ते हातानं जुळवावे लागतात.

*मराठी.* श्रीलिपी, आयएसएमसाठीही युनिकोड कन्व्हर्टर आहेत. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं इथे चुका राहतात. मूळ प्रिंट समोर ठेवून मुद्रितशोधन करा.

*पेजमेकर.* त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. पेजमेकरच्या ६ आणि ७ च्या फाइल्स इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडतात, नंतरच्या नाहीत. म्हणून चालू पेजमेकरमधूनच प्रत्येक महत्त्वाच्या पुस्तकाची पीडीएफ काढून ठेवा. मजकूर वेगळा हवा असेल तर तो टेक्स्ट म्हणूनही एक्स्पोर्ट करा.

*टॅली.* फार जुन्या आवृत्तीचा डेटा आजच्या टॅली प्राइममध्ये थेट उघडत नाही, टप्प्याटप्प्यानं न्यावा लागतो. ते जमेपर्यंत प्रत्येक वर्षाचा ताळेबंद, खातेवही आणि रोजकीर्द पीडीएफमध्ये काढा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. "कॉम्प्युटर बंद पडला" हे उत्तर तिथे चालत नाही.

बॅकअपसाठी साधा हिशेब लक्षात ठेवा : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या इमारतीत. दुकानाला आग लागली किंवा २६ जुलै २००५ सारखं पाणी भरलं तर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन डिस्क एकदमच जातात. जुन्या सीडींवर भरवसा ठेवू नका, दमट हवेत त्या वाचेनाशा होतात.

लायसन्सचं काय?

जुनं विंडोज बाजारातून गेलं म्हणून ते फुकट झालेलं नाही. तुमच्याकडे असलेली मूळ प्रत आणि तिचा नंबर वापरा. कुठल्याशा साइटवरून 'क्रॅक' केलेलं एक्सपी किंवा इनपेज उतरवण्यात कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय अशा फाइल्समध्ये व्हायरस घालून ठेवण्याचा धंदाच चालतो. डाँगल हरवली किंवा जळली तर आधी मूळ कंपनीशी किंवा विक्रेत्याशी बोला. जुने बिल जपलेले असेल तर सोपं जातं.

कधी सोडून द्यावं?

तीन खुणा सांगतो. जुनी सिस्टीम वापरल्याशिवाय ग्राहकाचं एकही काम अडत नाही, असे सहा महिने गेले असतील. नव्या आवृत्तीची किंमत वर्षभरातल्या दुरुस्तीपेक्षा कमी असेल. किंवा ती चालवता येणारा घरात एकच माणूस उरला असेल. ही तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. अब्बा किंवा चाचांना कोणती फाइल कुठे आहे, कोणत्या फाँटमध्ये आहे हे तोंडपाठ असतं, पण ते कुठेच लिहिलेलं नसतं. डिस्कची नक्कल निघते, त्यांच्या आठवणीची निघत नाही. घरातल्या कॉलेजच्या मुलामुलींना दोन रविवार त्यांच्या शेजारी बसवा. फोल्डर उघडत जा, विचारत जा आणि वहीत लिहून घ्या : ही फाइल कुणाची, कोणत्या सालची, पुन्हा छापायची का.

या रविवारी निदान दोन कामं करा. सगळ्यात महत्त्वाच्या फोल्डरची आणि फाँटची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्या डब्याची इंटरनेटची वायर काढा. एक तासाचं काम आहे. बाकीचं सवडीनं होईल.